भाताच्या शितानं चिपकवलेलं घर

आमच्या सासूबाईच्या पाठीवर भरदुपारी 'पीठ' अशी चिठ्ठी चिपकलेली होती, आन् चिठ्ठीवरचं अक्षर माहं होतं. पण ती मी नव्हती लावली! (गावातल्या काही जणी अजून बी मानत नाहीत.)

झालं असं का, माही गुड्डी तिसरीत गेली तरी तिले वाचता येत नव्हतं. डोकं चांगलं पोट्टीचं! कोणती कोंबडी कुठं अंडं घालते, कोणाची म्हैस कोणाच्या धानात घुसली, सगळं तोंडपाठ. सुटी अक्षरं बी ओळखे. पण अक्षराले अक्षर जोडून शब्द म्हणायचा म्हटलं का तोंडाले कुलूप! मले तं धडकीच भरे. कारण मी बी तशीच होती. गुरुजी "वाच" म्हणत का मी पहिल्याच शब्दाले अडे, पोट्टे फिदीफिदी हसत, आन् एका पावसाळ्यात मी दप्तर टाकून धानाच्या रोवण्याले गेली ते गेलीच. आता माही पोट्टी बी त्याच चिखलात उतरते का काय?

तेवढ्यात शाळेत नव्या मॅडम आल्या. त्यांनी पोरं वर्गाप्रमाणं नाही, ज्याले जेवढं वाचता येते तशी वेगवेगळ्या चटयांवर बसवली. गुड्डीच्या मैत्रिणी गोष्टीच्या चटईवर. गुड्डी अक्षरांच्या चटईवर, पहिलीतल्या शेंबड्या पोट्ट्यांसंगं!

शेजारच्या वच्छलाकाकू कुंपणावरून म्हणे, "वेगळी बसवली का व? मंग झालं! आज चटई वेगळी, उद्या शाळा वेगळी. शाळेतून नाव काढतेत आता तिचं!"

मी तशीच शेणाच्या हातानं शाळेत पळाली.

"मॅडम, नाव नका काढू! पाहिजे तं मले बसवा त्या चटईवर!"

"बसवते की," मॅडम म्हणे. "आधी हात धुवा."

मंग त्यांनी समजावून सांगतलं. म्हणे, प्रत्येक लेकराची शिकायची वाट वेगळी. एक पोट्टं ट्रॅक्टरच्या मागं लिवलेलं वाचून शिकून राहिलं होतं. एकीच्या घरी गोंडी बोलत, तं तिच्यासाठी मॅडमनं चित्रं काढली होती. "गुड्डीला पुस्तकातले शब्द आपले वाटत नाहीत हो. घरातल्या वस्तूंची नावं चिठ्ठ्यांवर लिहा आणि त्या त्या वस्तूला लावा. थोडीच लिहा. दिवाळीनंतरची गावची मंडईची जत्रा झाली, शाळा उघडली, की मी नुसत्या चिठ्ठ्या दाखवून तिचं वाचन ऐकेन. जमलं तर ती मैत्रिणींच्या चटईवर."

थोडीच? माह्या पोट्टीसाठी हात आखडता कायले घ्या? जुनं कॅलेंडर फाडलं, पाठीमागं लिवत सुटली. गोंद नव्हता, तं भाताचं शीत चोळून चिपकवलं. चूल, घडा, सूप, खाट, पिठाच्या डब्यावर 'पीठ', रॉकेलच्या डबकीवर 'रॉकेल', खुराड्यावर 'कोंबडा'. बैलाच्या कपाळावर 'बैल' लावलं तं दुसऱ्या बैलानं चाटून खाल्लं. दुसरी चिठ्ठी लावली, ती बी खाल्ली. (घरच्याच धानाचं शीत, गोड लागलं असन.) मंग खुंट्याले लावली. मामाजी, म्हणजे माहे सासरे, ओसरीत घोरून राहिले होते, त्यांच्या टोपीवर 'आजोबा'. गुड्डीच्या बाबांच्या सदऱ्यावर मागून 'बाबा'.

ते तसेच सिहोऱ्याच्या बाजारात गेले! आले ते तणतणतच.

"अख्खा बाजार मले पाहून हसून राहिला! एक बुढा तं पायाच पडला!"

"मंग काय वाईट झालं?"

"सुनेले पोरगं होऊ दे म्हणे! आशीर्वाद देल्याशिवाय रस्ता सोडेना!"

"देला मंग?"

"देला! काय करतो!"

पण गुड्डी! गुड्डी घरभर बोट ठेवून फिरे. "चू-ल, चूल! घ-डा, घडा!" माही छाती अशी फुगली का मी वच्छलाकाकूले मुद्दाम बोलावून ऐकवलं. काकू मोठी बेरकी. म्हणे, "चिठ्ठी काढून दाखव बरं."

मी चुलीवरची चिठ्ठी काढली, गुड्डीसमोर धरली. गुड्डीनं चिठ्ठीकडे पाहिलं, मंग माह्याकडे.

"वाच ना व!"

"कशावरची काढली ते सांग, मंग वाचते."

घ्या! पोट्टी अक्षराकडे पाहतच नव्हती! चूल पाहून चूल म्हणे, घडा पाहून घडा! काकू पदर तोंडाले लावून पळाली. (हसाले नाही, गावात सांगाले.) मंडई तोंडावर आलेली. मी ओरडे, गुड्डी रडे, मंग मी रडे, आन् गुड्डी माहे डोळे पुसे. असा आमचा अभ्यास!

दिवाळी झाली. मंडईले पाहुणे येतेत म्हणून, मी धान कापाले शेतात गेली तवा आत्याबाईनं, म्हणजे सासूबाईनं, पांढऱ्या मातीनं घर पोतारलं. पोताराच्या आधी सगळ्या चिठ्ठ्या हळूच काढल्या, टोपल्यात ठेवल्या, आन् भिंती वाळल्यावर ताजं शीत लावून एकेक परत चिपकवली. नातीच्या शिक्षणाची काळजी त्यांना माह्याहून जास्त. फक्त त्यांची अन् अक्षराची कधी भेट झाली नव्हती. जी चिठ्ठी हाती आली, ती दिसन तिथं!

मी शेतातून आली तं लाखनीचे मामा, आत्याबाईचे भाऊ, येऊन उभे होते. बसा म्हटलं तं खाटेकडे पाहत आन् उभेच राहत. मी घड्यातून गिलासभर पाणी देलं. मामा गिलास हुंगाले लागले.

"सूनबाई, दुसरं पाणी नाही का?"

"काहून मामा? आमी सगळे हेच पितो!"

"सगळे? पोरगी बी?"

"ती तं जास्तच पिते! उन्हातून आली का दोन-दोन गिलास!"

मामा घाबरून बहिणीकडे पाहाले लागले. मी वळून पाहिलं. घड्यावर 'रॉकेल'! खाटेवर 'चूल'! मामाजीच्या टोपीवर 'कोंबडा'! आमच्या लग्नाच्या फोटोत बरोबर ह्यांच्या खाली 'बैल'! (ही एक मले पटली.)

झालं! जेवढं पोट्टीले येत होतं तेवढं बी बुडालं! आता मॅडमसमोर ती घड्याले रॉकेल म्हणते, आन् जन्मभर अक्षरांच्या चटईवर बसते!

"आत्याबाई, हे काय करून ठेवलं!"

"काय केलं? सगळ्या लावल्या! एक बी फेकली नाही!" असं म्हणून त्या रागानं वळल्या, तं पाठीवर 'पीठ'! टोपल्याले टेकून बसल्या होत्या ना.

आन् तेवढ्यात गुड्डी खेळून आली. मी तिचे डोळे झाकाले धावली. "पाहू नको व! घरात कुठंच पाहू नको!"

तिनं माहा हात झटकला. दारातच थबकली. ओठ हलले.

"आजी व! घड्यावर रॉकेल कायले लावलं?"

मी परत उचललेला हात खाली घेतला.

"आन् खाटेवर चूल! आजोबा, तुमच्या टोपीवर को... कोंब... कोंबडा आहे!"

मामाजीनं दचकून टोपी झटकली. त्यांना खराच कोंबडा वाटला!

"आजी, तू हालू नको. पी... ठ. पीठ!"

मामा पोट धरून हसून राहिले होते, आन् माह्या डोक्यात हळूहळू उजेड पडला. आता घडा तं 'रॉकेल' म्हणून सांगत नव्हता! खाट 'चूल' म्हणून सांगत नव्हती! वस्तूनं साथ सोडली तवा पोट्टीनं अक्षराचा हात धरला होता. चिठ्ठी चुकली हे कळाले आधी चिठ्ठी वाचावी लागते ना!

मी रडत रडत ओरडली, "आणखी वाच! फोटोवरचं वाच!"

"बै... ल. बैल!"

"शाबास माही बाई! अगदी बरोबर!"

"काय बरोबर व?" हे ओसरीतून गरजले.

शाळा उघडली. मॅडमनं नुसत्या चिठ्ठ्या दाखवल्या. गुड्डी कुठं अडली, कुठं मागं फिरली, पण वाचत गेली. मी खिडकीतून पाहून राहिली होती. मॅडमनं तिले हाताले धरून मैत्रिणींच्या चटईवर बसवलं आन् विचारलं, "कोणी शिकवलं गं?"

मी खिडकीतच पदर सावरला, केस सारखे केले.

"आजीनं!" गुड्डी म्हणे.

तवापासून कोणाचं लेकरू वाचनात अडलं का बाया आमच्या ओसरीत येतात. मी चहा करते. आत्याबाई मांडी घालून सांगतात, "सोप्पं आहे व. चिठ्ठ्या लावाच्या, पण काय लिवलं ते न पाहता लावाच्या. माह्या सुनेनं लय मेहनत केली बिचारीनं, पण तिले नाही जमलं. तिले थोडंसं वाचता येते ना, तिथंच घात झाला!"