तुपावरचे उंदीर

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. माझ्या दादाला तर नाहीच. तुला सांगतोय – का, ते मलाही नीट ठाऊक नाही.

रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं. उरला या कारखान्यांच्या वसाहतीच्या वाटेवर भाड्याच्या इमारतीत कीटकनाशकांची प्रयोगशाळा निघाली आणि मला तिथे उंदरांना खाऊ घालायचं काम मिळालं. सगळ्यांना विष सारखंच. पण अर्ध्यांना साधं खाद्य, अर्ध्यांना तुपाचं. साधे लवकर मरत. तुपावरचे मात्र गुबगुबीत, मजेत. चरबी विष धरून ठेवते, असं साहेबांनी समजावलं होतं.

दिवाळीच्या सुट्टीत रोज येऊन खाद्य घालायचं होतं. मी कुलूप लावून नागपूरला गेलो. परतलो तर तुपावरचे उंदीर थरथरत होते – आवाज न करता, सगळे एकदम. उपाशीपोटी चरबी झडली आणि आत दडलेलं विष अंगात उतरलं. मी मेलेले पुरले, पिंजऱ्यात नवे सोडले आणि गप्प बसलो. नोकरी कच्ची होती ना. पण चूक एवढीच असती, तर आज सांगायला बसलो असतो का?

दादाची बायको, माझी वहिनी, रायपुरातच धान्याच्या गोदामात कामाला होती. किड्यांची पावडर उघड्या हातांनी पोत्यांवर मारायची. अंगाने भरलेली, हसरी बाई. पुढच्या नवरात्रात तिने पहिल्यांदाच नुसत्या पाण्यावर उपास धरला. एका दुपारी हात पुढे करून म्हणाली, "भाऊजी, तुम्ही तं औषधाच्या कामात आहा. हे हात काहून थरथरून राहिले?"

मी ते थरथरणं ओळखलं. खात्री नव्हती – पण उपास सोड, डॉक्टरकडे चल, एवढं म्हणायला खात्री कशाला लागते? मला कसं कळलं, असं तिने विचारलं असतं तर?

"अशक्तपणा असन, वहिनी," मी म्हणालो.

त्या संध्याकाळी आरतीत तिचं सगळं अंग थरथरायला लागलं. देवी आली, देवी आली म्हणत अख्खा पारा, म्हणजे सगळा मोहल्ला, अंगणात लोटला. बायकांनी ओटी भरली. दादा पायावर पडला. तिचे डोळे मात्र माझ्यावरच होते. आणि मी – मीही वाकलो. तिचे पाय माझ्या हाताखाली थरथरत होते.

मान मिळाला, मग उपास दरवर्षी आला. पावडरही सुटली नाही. एका नवरात्रात ती घटासमोर कोसळली, ती उठलीच नाही.

दादा आजही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो, तिला देवीनं नेलं. सांगताना माझ्याकडे बघतो. मी हो म्हणतो.