मातृभाषेच्या रकान्यात

चौथीत होते. अंगात ताप, घसा कोरडा. गुरुजी फळ्यावर लिहून राह्यले होते. माझ्या तोंडून घरचा शब्द निघाला. "तण्णी." तण्णी म्हणजे पाणी. आम्ही कैकाडी. घरात कैकाडीच बोलायचो.

वर्ग हसला. गुरुजी वळले. मला पुढं बोलावलं, पोरांकडं तोंड करून उभं केलं अन् तोच शब्द पुन्हा म्हणायला लावला. मी म्हणले. पोरं हसली. पुन्हा म्हणायला लावला. पोरं हसून थकेपर्यंत. मंग गुरुजी म्हणले, "शाळेत माणसांची भाषा बोलायची."

पाणी दिलं न्हाई. मीबी परत मागितलं न्हाई.

त्याच आठवड्यात कुंभार पिंपळगावच्या बाजारात माय दुरड्या घेऊन बसल्ती. निरगुडीच्या फोकाच्या, तिच्या हातच्या. मी वर्गातल्या पोरींसंग तिथून चालले होते. मायनं आमच्या भाषेत हाक मारली. मला ऐकू आली. बराबर ऐकू आली. मान वळवली न्हाई. घरी आल्यावर तिला सांगितलं, लोकांत माझ्याशी तसलं बोलू नको. 'तसलं' म्हणले मी. गुरुजींनी काय केलं ते मला सांगता येतं. हे सांगताना अजून जीभ अडखळते.

माय त्या दिवसापासून माझ्याशी मराठीत बोलू लागली. मोडकंतोडकं.

मी शिकले. घनसावंगी तालुक्यातच शिक्षिका झाले. लग्न झालं, पोरगी झाली. पोरीला कैकाडीचा एक शब्द शिकवला न्हाई. माय आता माझ्याकडंच राहते. आमच्या भाषेत ती फक्त फोनवर बोलायची, आष्टीच्या मावशीसंग. हसायची, भांडायची. आवाजच वेगळा व्हायचा तिचा. मागल्या वर्षी मावशी गेली. तेव्हापासून फोन नुसता उशाशी पडलेला असतो.

यंदा शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. मातृभाषेवर बोलायला बाहेरून एक प्राध्यापक आल्ते. त्यांनी 'मुइनाने' नावाच्या लोकांचं सांगितलं. तिकडं कोलंबियात, अमेझॉनच्या जंगलातली माणसं. रबरासाठी त्यांना गुलामासारखं राबवलं, मारलं. उरलेल्यांची लेकरं वसतिगृहात घातली. आपल्या भाषेत बोललं की शिक्षा. आता ती भाषा बोलणारे थोडेच राह्यले, तेबी बहुतेक म्हातारे. ते जंगल मी कधी बघितलं न्हाई. पण ते लेकरू मला वळखीचं होतं. सांगता सांगता प्राध्यापकांचा आवाज भरून आला.

मंग चहा आला. खुर्च्या सरकल्या, बोलणी सुरू झाली. प्राध्यापकांनी माइक उचलला अन् हसत म्हणले, "अहो, कैकाड्यांसारखा काय कालवा लावलाय?"

सगळे हसले. मीबी हसले. इतक्या वर्षांची सवय. आपलं तोंड हसून राह्यलंय हे कळलं, तसा चहा खाली ठेवला अन् उभी राह्यले.

"सर, मी कैकाडी हाय."

प्राध्यापक म्हणले, "मॅडम, मनावर घेऊ नका. बोलायची पद्धत असते."

मी म्हणले, "मुइनाने लेकरांसाठी तुमचा आवाज भरून आला. तीच शिक्षा मला झाली, इथून जवळच्याच शाळेत. आमची भाषाबी मरून राह्यली, सर. अन् तुम्ही तिच्या माणसांवर लोकांना हसवता."

त्यांनी मला समजावलं, की ती बोली आहे, तिला लिपी नाही. मी विचारलं, मराठी ज्या लिपीत लिहिता ती तरी एकट्या मराठीची हाय का? ते घड्याळाकडं बघून म्हणले, पुढचं सत्र सुरू करायचंय. माफी मागितली न्हाई. येताना जीपमध्ये आमचे मुख्याध्यापक म्हणले, चारचौघांत जात सांगायची काय गरज होती? बाकीचे खिडकीबाहेर बघत राह्यले.

घरी आले अन् मायपुढं बसले. म्हणले, माझ्याशी आपल्या भाषेत बोल. ती मराठीतच म्हणली, "तवा लाज वाटत व्हती ना तुला. आता कशाला?"

दुसऱ्या दिवशी परत बसले. तिसऱ्या दिवशीबी. चौथ्या दिवशी ती चुलीपाशी कायतरी बोलली, लांबलचक, भरभर. मला अर्धंच कळलं. माझ्या मायचं बोलणं मला अर्धंच कळलं. पोरगी शेजारी बसल्ती, तिला काहीच कळलं न्हाई.

आता रोज संध्याकाळी मी अन् पोरगी मायपाशी बसतो. माय चुका काढते. चिडते. पोरगी वहीत लिहून घेते.

पोरगी माझ्याच शाळेत हाय. परवा विद्यार्थ्यांची माहिती भरायची होती. मातृभाषेच्या रकान्यात मी दरवर्षी वरपासून खालपर्यंत मराठी लिहायची. कुणाला विचारायचीबी न्हाई. यंदा एकेका लेकराला विचारलं. दोघांनी बंजारा सांगितलं, तसं लिहिलं. माझ्या पोरीच्या नावापुढं कैकाडी लिहिलं. मुख्याध्यापकांनी कागद परत पाठवला. म्हणले, पोरगी तर चांगली मराठी बोलते, दुरुस्त करा, वरून विचारणा होईल.

कागद मी तसाच सही करून परत दिला. विचारणा आली तर मी जाईन. लेखी मागितलं तर लेखी देईन. खोडणार न्हाई.