आठवड्यात चरबी किती खाता?

माझ्या अकलेचं कौतुक मीच सांगू, का तुम्ही अंदाज करता? ऱ्हाऊ द्या, मीच सांगतो. चहा तेवढा संपवून घ्या, न्हाईतर ठसका लागंल!

आमच्या कॉलेजातल्या आहारशास्त्राच्या मॅडमनी दहा प्रश्नांचा फॉर्म केलता. तूप किती वेळा, तळलेलं किती वेळा, असलं. फॉर्म भरून घ्यायचा, दुसऱ्या दिवशी त्याच घरी जाऊन ताटातलं काट्यावर तोलायचं, आणि फॉर्म खरं बोलायलाय का ते बघायचं. फॉर्म इंग्रजीत, त्याचं मराठी करायचं काम माझ्याकडं. मी सीमेवरच्या कमलनगरचा! घरात मराठी, दारात कन्नड. मला काय अवघड?

दुबलगुंडी गावात पहिलंच घर गुरम्मा अक्कांचं. अख्खी गल्ली त्यांच्या शब्दात. मॅडमनी बजावलंच होतं, "अक्का नाही म्हणाल्या तर गल्ली गेली. मग कामावर येऊच नकोस."

अक्का भाकरी थापायलत्या. मी ऐटीत पेन काढला.

"अक्का, आठवड्यात चरबी किती खाता?"

अक्कांचा हात थांबला. "काय म्हणलास?"

"चरबी वो, चरबी!"

"आरं, आमी लिंगायत! घरात अंडं शिरत न्हाई, अन् चरबी विचारायलास? चरबी तुलाच चढलीया!"

म्हटलं, मराठीनं घात केला, कन्नडमध्ये सावरून घेऊ. "तसं न्हाई अक्का... कोब्बु! कोब्बु एष्टु?"

आता काय सांगू तुम्हाला! कन्नडमध्ये एष्टु म्हणजे किती, कोब्बु म्हणजे चरबी, आणि कोब्बु म्हणजे माजसुद्धा. दोन भाषांत एकच शेण खाल्लं की वो मी!

शेजारच्या बाया धावत आल्या. "काय झालं अक्का?"

"हे सायेब माझा माज मोजायलेत!"

हसून हसून बाया भिंतीला टेकल्या. मी कान धरले. "चुकलं अक्का! तेल-तूप म्हणायचं होतं. माझं काम जाईल वो!"

"मग तसं बोल की! कामून शिव्या दिल्यावानी विचारायलास?" अक्कांनाही हसू आवरेना. "भरताव आमी. पर आधी तू भर, सगळ्यांसमोर."

चार बाया वाकून बघायल्यात म्हटल्यावर माणूस खरं लिहील का? मी ठोकून दिलं. तूप: कधीतरी. तळलेलं: न्हाई. गोड: सणासुदीला.

"लई साधा हाय बिचारा," अक्का म्हणाल्या. "उद्या हितंच जेव तम्मा, धाकटा भाऊच तू."

दुसऱ्या दिवशी काटा मांडला. खिरीसारखी गोड गव्हाची हुग्गी, वर तुपाची धार. शेंगाच्या चटणीवर कच्चं तेल, गरम भजी. अक्कांनी माझंही ताट तोलायला लावलं. मी न्हाई न्हाई म्हणायलतो आणि ताट पुढं करायलतो. तीनदा! काय सुख होतं वो ते! अक्का आकडा वाचायच्या, मी माझ्या फॉर्मामागं लिहायचा.

गल्लीनं फॉर्म भरले, ताटंही तोलून दिली. मी खुशीत सगळा गठ्ठा नेऊन दिला. आठ दिवसांनी मॅडमचा फोन.

"अरे, गल्लीचे फॉर्म काट्याशी झकास जुळले! फक्त एका बाबानं नुसत्या थापा मारल्यात. नावही लिहिलं नाही. कोण आहे हा?"

बिननावाचा फॉर्म गठ्ठ्यात एकच होता, माझा.

"हाय एक, मॅडम."

"त्याला गाठ, आणि नीट समजावून सांग."

"रोजच सांगतो मॅडम," मी म्हणालो, "मेला ऐकतच न्हाई!"