चार खेपांची दाढ

ताईंनी माझी हनुवटी धरली, अंगठ्यानं खालचा ओठ ओढला आणि त्या गोऱ्या डॉक्टरला माझे दात दाखवले. मिश्रीनं काळे पडलेले. काहीतरी म्हणाल्या. त्यातला 'मिश्री' एवढाच शब्द मला कळला. बाजूची नर्स हसली.

मी निरगुडसरची. आमच्याकडं मेंढरं होती. बेल्ह्याच्या बाजारात आबा असाच मेंढीचा ओठ ओढून गिऱ्हाइकाला वय दाखवायचा, दोन दाती का चार दाती. मेंढीला कोण विचारतंय? तिला धरून उभी मीच असायची. जर्मनीतल्या त्या खुर्चीत ते आठवलं.

ताई राजुरीच्या, बड्या बागायतदाराच्या घरातल्या. त्यांचं बाळ सांभाळायला मला इकडं आणलंय. मावशी म्हणतात मला. पासपोर्ट मात्र त्यांच्या कपाटात, कुलपात. इथली भाषा मला येत नाही, म्हणून माझं दुखणंही त्याच सांगतात. आठ दिवस दाढ ठणकत होती, तर म्हणे लवंग धरा.

डॉक्टरनं पडद्यावर दाढेचा फोटो दाखवला. मुळाशी बोट ठेवलं. माझ्याकडं बघून चार बोटं वर केली. ताईंनी मान हलवली आणि एक बोट दाखवलं. त्यानं पुन्हा मलाच काहीतरी विचारलं. उत्तर ताईंनी दिलं.

"काय म्हनला त्यो?"

"काही नाही मावशी. दाढ वाचवायची तर चार वेळा यावं लागेल म्हणतोय. बाळाकडं कोण बघणार? काढूनच टाकू. उघडा तोंड."

दिवा तोंडावर आला. नर्सनं ट्रेवरचं कापड काढलं. खाली पकड होती. डॉक्टरनं सुई भरली. ताई फोन बघत बसल्या. मला दाढ काढायची नव्हती. आणि तरी मी तोंड उघडलं. सांगितलं की करायचं, एवढीच सवय. स्वतःचीच शिसारी आली मला.

मिटलं तोंड. दातावर दात.

"मावशी, डॉक्टर थांबलेत!"

मी चार बोटं वर केली. डॉक्टर ताईंकडं बघायला लागला. मी त्याची बाही ओढली. इकडं बघ, माझ्याकडं. पुन्हा चार बोटं. त्यानं सुई खाली ठेवली.

ताई लालबुंद झाल्या. "माझी लाज काढलीत."

"दाढ माझी हाय, ताई. तुमी न्हाई ठरवायचं."

घरी आल्यावर त्यांनी दार लावून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "इथं माझ्याशिवाय कोण आहे तुम्हाला?"

खरं आहे. कुणी नाही. त्या हळू आवाजाची मला अजून भीती वाटते.

मंगळवारी पुढची खेप आहे. दवाखान्याचं कार्ड कनवटीला खोचलंय, ट्रामचा नंबर पाठ केलाय. बाळाकडं कोण बघणार, ते त्यांनी बघावं. मी जाणार. आणि निघायच्या आधी त्या कपाटाची किल्ली मागणार.