मागच्या खुर्चीवरचे चाचा

यवतमाळच्या आमच्या मेडिकल कॉलेजात डॉक्टरांसाठी नेतृत्वाचं तीन दिवसांचं प्रशिक्षण होतं. मी नुकताच युनिटप्रमुख झालो होतो, म्हणून मलाही बसवलं होतं. दुपारी उन्हाची एक पट्टी हॉलभर सरकत होती, खिडकीतून कापसाचे तंतू तरंगत आत येत होते आणि व्याख्यात्यांचा आवाज कुठून तरी लांबून येतोय असं वाटत होतं.

शेवटच्या रांगेत माइकवाले चाचा बसले होते. पांढरी दाढी, डोळे मिटलेले. मला वाटलं, झोपले. पण मधेच ते उठायचे, एखादं बटण केसभर फिरवायचे आणि दुसऱ्याच खुर्चीवर जाऊन पुन्हा डोळे मिटायचे.

चहाच्या वेळी मी विचारलं, "चाचा, पुढे का नाही बसत?"

"पुढच्याले त सगळंच आयकू येते, साहेब," ते हळूच म्हणाले. "मांगं बसलं का समजते, कोणाले आयकू नाही येऊन राह्यलं."

त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं, कारण मला एकदम आमच्या युनिटमधली तरुण निवासी डॉक्टर आठवली. राउंडला ती सगळ्यांच्या मागे उभी असते. आदल्याच दिवशी ती काही सांगायला लागली, तेव्हा मी पेशंटसमोर तिला गप्प केलं होतं.

संध्याकाळी वॉर्डात जाऊन तिच्याजवळ स्टूल ओढलं. "काल मी चुकलो. काय सांगत होतीस?"

तिनं हातातली फाईल मिटली. मग म्हणाली, "सर, सात नंबरच्या आजींना गोळ्या गिळताच येत नाहीत. कोणी रागावेल या भीतीनं त्या गोळ्या लपवून ठेवतात."

आम्ही आजींची उशी हळूच उचलली. खाली कागदाच्या पुडीत आठवडाभराच्या गोळ्या होत्या.