सगळ्या घराला एकच नंबर

सकाळी चष्मा कुठे ठेवला ते तुम्हाला आठवत नाही, विमानाचा मेंबर नंबर काय आठवणार? मी सांगतेय, नात टाइप करतेय.

आज डोंबिवलीच्या घरात माझा पाय ठरत नाही. लेक बंगळुरूला, तिचे दिवस भरत आलेत. दिवाळीत तिकीट महाग, म्हणून घोडबंदरहून मुलाचा, प्रसादचा फोन, "आई, तुझ्या आधीच्या फेऱ्यांच्या पॉइंटवर फुकट जा." बघितलं तर माझ्या नावावर शून्य.

माझा वेगळा नंबर असताना या शहाण्याने सगळ्यांच्या तिकिटांवर स्वतःचाच टाकलेला. जसं काही घरचं रेशन कार्डच.

मग त्याने विमान कंपनीची बाई फोनवर जोडून दिली. ती म्हणाली, "नाव जुळत नाही, त्यामुळे पॉइंट कुणालाच नाहीत. जुने बोर्डिंग पास आहेत? असतील तर पॉइंट मागता येतील."

"ते कोण ठेवतं?" मुलगा म्हणाला.

मी ठेवते. वाचता येत नाही, म्हणून कुठलाच कागद टाकत नाही. माझ्या दोन्ही फेऱ्यांचे, जाण्या-येण्याचे चारही पास देवघराच्या खणात निघाले. नातीने त्यांचे फोटो पाठवले. आता कंपनी म्हणे, दोन दिवसांत कळवतो. बाळ थांबणार आहे का दोन दिवस?

तुमच्या आईच्या तिकिटावर कुणाचा नंबर आहे, बघा जरा.

आणि प्रसाद, डिंकाचे लाडू उद्या बंगळुरूला कुरिअरने पाठव. अर्धेच. उरलेले मी घेऊन जाणार आहे.