सातापर्यंत मोजणारे अंकल

जगातला सर्वांत विनोदी माणूस कधीच हसत नाही आणि तो मस्कतच्या माबेला भागात बरोब्बर आमच्या डोक्यावर राहतो, हे शपथेवर सांगायला मी एके काळी तयार होतो. वरच्या मजल्यावरचे अंकल मूळचे वसईचे. दिवसभर एका हॉटेलचं भांडार सांभाळायचे आणि उरलेला जीव मस्कतमधल्या हौशी इंग्रजी नाटकमंडळीला द्यायचे. जुन्या इंग्रजी विनोदी संगीतिकेतला दरबारी वैद्य म्हणजे अंकलच. त्या कलेबद्दलची त्यांची मतं देव्हाऱ्यात ठेवण्याजोगी पक्की होती. शब्द जितके वेडे, चेहरा तितका सुतकी हवा. गाणं कितीही सुसाट सुटलं तरी शेवटच्या रांगेतल्या बहिऱ्यालाही शब्दन् शब्द कळला पाहिजे. आणि गुरूने जिथे पाऊल टाकलं तिथेच आपण टाकायचं, भुवईसुद्धा स्वतःच्या मनाने उचलायची नाही.

जीभ सैल राहावी म्हणून ते खजुराची बी गालात धरून तो सुसाट रियाज करत. खालच्या दुकानातल्या मलबारी शेठला सामानाची यादीही त्याच लयीत, एका श्वासात ऐकवत. तो बिचारा हात जोडून म्हणे, "अर्बाब, शुवैय शुवैय! धीरे बोलो!" लिफ्टमध्ये भेटले तर ते असे थिजल्या चेहऱ्याने उभे असत, की माझी सात वर्षांची मुलगी माझ्यामागे दडे. एकदा तिने विचारलं, "पप्पा, अंकल रिअल आहेत ना?" मी तिला दटावलं खरं, पण उत्तर द्यायला मला जरा वेळच लागला.

शुक्रवारी दुपारी सगळी इमारत आडवी झाली, की वरून गाणं सुरू होई. तिसऱ्या कडव्यात ते एकाएकी तुटायचं. मग सात आकडे मोजण्याइतकी शांतता, आणि पुन्हा पुढे. त्या शांततेत माझा घास हातात राहायचा. बायको म्हणायची, "तुम्ही जेवा हो, येईल त्यांचा आवाज." मी फिजिओथेरपिस्ट आहे, भुताखेतांवर माझा विश्वास नाही. तरी सात होईपर्यंत मी जेवलो नाही, हे कबूल करतो.

ही शांतता कुठून आली, ते त्यांनी एकदा मला जुन्या व्हिडिओ कॅसेटवर दाखवलं. त्यांचे गुरू, एक म्हातारे इंग्रज इंजिनीयर, वैद्याच्या टोपात गात होते. तिसऱ्या कडव्यात त्यांचा डावा हात पट्ट्यावरून घसरला, डावी पापणी उतरली आणि ते थांबले. प्रेक्षक पोट धरधरून हसत होते. सात आकडे झाल्यावर साहेब पुढे गायले. "बघितलंस? याला म्हणतात स्टाइल," अंकल म्हणाले. "हा त्यांचा शेवटचा शो. चार दिवसांनी गेले."

असे चेहरे मी रोज हॉस्पिटलात बघतो. म्हटलं, "अंकल, हा अभिनय नाही हो. या माणसाला त्या क्षणी पक्षाघाताचा झटका येतोय."

"खलास! एक शब्द बोलू नकोस," ते म्हणाले. चेहरा तसाच होता, पण कॅसेट त्यांनी तिथेच बंद केली.

त्यानंतर त्यांचा निरोपाचा प्रयोग ठरला. व्हिसा संपत आला होता, वसईचं तिकीट काढून झालं होतं. त्यांच्या हट्टाखातर मी प्रॉम्प्टर म्हणून पडद्याआड नाटकाचं पुस्तक घेऊन उभा राहिलो. दुपारचा प्रयोग होता आणि सभागृह भरलं होतं. तिसरं कडवं आलं, हात घसरला, पापणी उतरली, हशा उसळला. मी मोजू लागलो. सात झाले. आठ. नऊ. हात वर येईना. दहाला मी पुस्तक टाकलं आणि चपलांसकट रंगमंचावर धावलो. त्यांना धरलं तर ते ओठ न हलवता पुटपुटले, "काय झालं? आज जरा लांबवलं." हात वर आला, गाणं सुरू झालं, आणि लोकांनी टाळ्यांनी छप्पर डोक्यावर घेतलं. माझा असा पोपट जन्मात झाला नव्हता.

परतताना हायवेवर ते माझ्या गाडीत शेजारी बसले होते. मग समोर बघतच म्हणाले, "खरं सांगू? हात वर येतच नव्हता रे." आणि पुढे म्हणाले, "साहेबांचाही येत नसणार. मी मागे कोरसमध्ये उभा होतो. मीही हसत होतो."

मी पुढच्याच वळणावरून गाडी हॉस्पिटलकडे फिरवली. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत.

आता अंकल वसईला असतात. व्हिडिओ कॉलवर तोंडाची डावी बाजू हलत नाही. पण ती आधी तरी कुठे हलायची, म्हणून मी त्यांना चिडवतो. वैद्याचं काम त्यांनी फोनवरूनच इथल्या एका तरुण शिक्षकाला शिकवलं, सात आकड्यांसकट. फक्त एक नवी गोष्ट घातली: सातनंतर एका माणसाने चपलांसकट धावत यायचं आणि वैद्याला धरायचं. "हे मात्र कधी गाळायचं नाही," त्यांनी बजावलंय. तो माणूस म्हणजे मी. दर प्रयोगाला लोक मला हसतात. मुलगी म्हणते, "पप्पा, यू आर सो फनी!" तिला काय सांगू? सात होतात, आणि दर वेळी मी खराच धावतो.